गप्प बसायचं एक मिनिट

बाळासो साऊंडवाला शूटिंगला गेला की शेवटी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवतो. त्याच्या धंद्याची रीतच आहे तशी. माणसं बोलून झाली, चहा झाला, दिवे उतरवायची वेळ आली, की हा हेडफोन कानाला लावून हात वर करतो आणि म्हणतो, "आता एक मिनिट कुणी हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय, श्वास पण हळू." का, तर प्रत्येक खोलीला तिचा स्वतःचा एक आवाज असतो. भिंतीवरचं घड्याळ, पत्र्यावरची चिमणी, लांबच्या रस्त्याची घरघर. नंतर वाक्यं कापून-जोडून फिल्म बनवताना मध्ये जी भोकं पडतात, ती बुजवायला हा आवाज लागतो. गणपतीच्या मंडपात भोंगे बांधण्यापासून सुरुवात केलेल्या ह्या माणसानं पंचवीस वर्षांत असली हजारभर मिनिटं गोळा केली, आणि एकाही मिनिटानं त्याला कधी दगा दिला नाही. दिला तो गारगोटीतल्या मिनिटानं, आणि असा दिला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटायला लागलं.

आधी पोरांचं सांगायला पाहिजे. बाळासोचं दुकान शिवाजी पेठेत, आणि त्याच गल्लीत सम्राट आणि राजवीर. सोळा-सतरा वय, एकाच तालमीच्या टीममधून फुटबॉल खेळणारी, एकमेकांच्या ताटात जेवणारी पोरं. मोबाइलवरच्या एका स्टेटसवरनं त्यांचं वाजलं. एकानं दुसऱ्याला भित्रा म्हटलं, बस, एवढंच. सम्राटच्या हाताला कुणाची तरी हॉकी स्टिक लागली आणि त्यानं ती राजवीरच्या गुडघ्यावर घातली. वाटी फुटली. राजवीर म्हणजे टीमचा डाव्या पायाचा हुकमी फॉरवर्ड, त्याचं खेळणं तिथंच मिटलं. सम्राट तीन महिने निरीक्षणगृहात राहून आला. कायद्याचं जे व्हायचं ते झालं, पण पेठेत कायद्याच्या वर तालीम असते. तालमीतल्या थोरल्यांनी सांगून टाकलं, राजवीरची आई 'येऊ दे' म्हणत नाही तोवर ह्या पोरानं पेठेत पाय ठेवायचा नाही. तेव्हापासून सम्राट गारगोटीला जोतीराममामाच्या घरी, आणि त्याची विधवा आई संयोगिता इकडं गल्लीत एकटी. त्याला वर्ष होत आलं होतं.

राजवीरची आई म्हणजे चिमणाबाई. रंकाळ्याच्या पलीकडे तिचा गोठा, चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर यायचं आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत धार काढून तांब्यात, ग्लासात द्यायची, हा तिचा सासऱ्यापासूनचा धंदा. आधी निम्म्या धारा राजवीर काढायचा. आता त्याला उकिडवं बसता येत नाही, म्हणून बाई एकटीच चारही म्हशींच्या खाली बसते. वर्षभरात तिनं सम्राटला शिवी दिली नाही की त्याचं नाव घेतलं नाही. शिवी दिली असती तर संयोगितेला जरा बरं वाटलं असतं.

अशात पुण्याहून पृथ्वीराज आला. मूळचा हातकणंगल्याकडचा, पण शिकला-वाढला पुण्यात. वाट चुकलेल्या मुलांवर डॉक्युमेंटरी करत होता. त्याला सम्राट पाहिजे होता, आणि साऊंडला इथला माणूस म्हणून बाळासो. संयोगिता काही केल्या तयार होईना. तिला तयार केलं बाळासोनं.

"वहिनी, तोंड दिसणार न्हाय, नाव बदलणार हैत," तो म्हणाला. "पोराला जे बोलायचंय ते एकदा बोलू दे की. आणि मी हाय न्हवं तिथं."

ह्या 'मी हाय न्हवं'वर ती बाई विसंबली.

गारगोटीला शूटिंगच्या दिवशी तिनं पहाटे उठून भावाचं घर लखलखीत केलं होतं. भांडी घासून फळीवर मांडलेली, भिंतीला नवं कॅलेंडर. पृथ्वीराजनं आल्या-आल्या घर बघितलं आणि अतिशय नम्रपणे तिनं काढून ठेवलेले कपडे दोरीवर परत वाळत घालायला लावले. मग कॅलेंडर काढलं. सम्राटनं नवा शर्ट घातला होता, तो बदलून जुना घालायला सांगितला. पोराला एकाच भिंतीच्या कडेनं चार वेळा चालवलं, कारण तीन वेळा तो फार झपाझप चालला. चौथ्या वेळी खाली बघत, पाय ओढत चालला, तेव्हा साहेबांचं समाधान झालं. मामाची कोंबडी मध्ये आली म्हणून पोरगं खुदकन हसलं, तर ते म्हणाले, "हसू नकोस रे, मूड तुटतो." बाळासोच्या डोक्यात तिडीक गेली. पण पाहुण्या माणसाशी कामाच्या ठिकाणी वाद नको म्हणून तो गप्प बसला. गप्प बसायची सवय तिथंच लागली म्हणायची.

मग मुलाखत. सम्राटला खिडकीकडे पाठ करून बसवलं, उजेड मागनं, म्हणजे समोरून नुसती काळी आकृती. पृथ्वीराजनं विचारलं, "तुला पश्चात्ताप होतो का?"

पोरगं बोटं मोडत बसलं होतं. ती त्याची लहानपणापासूनची खोड. मग ते बोलायला लागलं, आणि बाळासोनं हेडफोन कानाशी घट्ट दाबून धरले.

"राजवीरला आता खाली बसता येत न्हाय म्हणं. काकू एकट्याच धारा काढत्यात. मला रोज पाचला जाग येत्या. मी हितं पडून मोजत असतो, आता पहिली म्हस झाली असंल, आता दुसरी झाली असंल. काकू, माजं चुकलं. तुमी मला मारा, पण एकदा म्होरं उभं करून घ्या."

दारात उभी असलेली संयोगिता तोंडाला पदर लावून आत गेली.

शेवटी बाळासोनं नेहमीसारखा हात वर केला. "एक मिनिट. कुणी हलायचं न्हाय." सगळे बसले. सम्राट पण बसला, होता तसा, पुतळ्यासारखा. चाळिसाव्या सेकंदाला परसातली ती कोंबडी ओरडली आणि बाळासोनं मनातल्या मनात तिला शिवी हासडली. त्याच वेळी त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. तांबडा दिवा चालू होता. हे मिनिट फक्त आवाजाचं असतं, कॅमेऱ्याचं त्यात काय काम, असं त्याच्या मनात आलं. पण बोललं तर मिनिट मोडलं असतं. तो बोलला नाही.

त्यानंतर चार महिने बाळासो चिमणाबाईच्या मागं लागला होता. धार काढताना शेजारी उभा राहून सांगायचा, "आक्का, पोरगं तुमचं नाव घेऊन बोललंय. मी ह्या कानांनी ऐकलंय. मला सांगता यायचं न्हाय तसं, तुमी एकदा ऐका." आधी ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मग एक दिवस म्हणाली, "कवा हाय त्यो पिक्चर?" बाळासोला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं संयोगितेला फोन करून सांगितलं की आता महिन्याभरात पोरगं घरी येतंय, बारावीचं बघून ठेवा.

रविवारी दुपारी शहरातल्या एका हॉलमध्ये फिल्म दाखवली. चिमणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, बरोबर राजवीर, काठी टेकत. बाळासोनं दोघांना पुढच्या रांगेत कडेला बसवलं, म्हणजे राजवीरला पाय लांब करता येईल. स्वतः मागं उभा राहिला. पडद्यावर काळी आकृती आली. नाव बदललेलं, तोंड अंधारात. पण ती आकृती बोटं मोडायला लागली आणि पेठेतल्या पंधरा-वीस माणसांनी एकमेकांकडे बघितलं. हे असलं झाकणं कुणासाठी असतं ते देवाला माहीत. पुण्या-मुंबईच्या लोकांना ते पोरगं उघड्या तोंडानं दाखवलं असतं तरी ओळखू आलं नसतं, आणि ज्यांच्यापासून झाकायचं त्यांना बोटांवरनंच कळलं.

पृथ्वीराजचा आवाज आला, "तुला पश्चात्ताप होतो का?"

आकृती बसून राहिली. पाच सेकंद, दहा सेकंद. बाळासो वाट बघत होता, आता राजवीरचं नाव येईल, आता म्हशी येतील. आणि मग परसातली कोंबडी ओरडली.

ते त्याचं मिनिट होतं. प्रश्न तिथला आणला होता, पोरगं इथलं बसवलं होतं, आणि मधलं सगळं, माफी, पहाट, म्हशी, कापून टाकलं होतं. वीस-बावीस सेकंद ती काळी आकृती तशीच बसली, आणि मग पडद्यावर पोरगं भिंतीच्या कडेनं पाय ओढत निघून गेलं. टाळ्या पडल्या.

चिमणाबाई उठली. दारात बाळासो आडवा आला तशी ती थांबली. "ऐकवलंस बाळासो," ती म्हणाली. "लई झालं." राजवीरची काठी पायऱ्यांवर वाजत गेली ती बाळासो ऐकत राहिला.

संयोगिता फिल्मला आली नव्हती, पण बातमी तिच्याकडे त्याच्या आधी पोचली. ती दारातच म्हणाली, "तुमी हाय म्हणालतासा न्हवं तिथं?" तो म्हणाला, त्यांनी कापलं वहिनी. तिनं दार लोटून घेतलं.

त्यानं पृथ्वीराजला फोन लावला. पृथ्वीराज चिडला नाही, हेच बाळासोला जास्त लागलं. समजूतदार माणसासारखा बोलत राहिला. "बाळासो, त्याचं बोलणं छानच आहे. पण ते माफीनाम्यासारखं वाटतं. लोक रडतील, मोकळे होतील आणि घरी जातील. गप्प बसलेला मुलगा त्यांना झोपू देत नाही. मी त्याला दोषी ठरवलेलं नाहीये, प्रश्न उघडा ठेवलाय."

"अवो, पण त्यानं उत्तर दिलतं की," बाळासो म्हणाला.

"फिल्मचं खरं जरा वेगळं असतं."

"तिकडं त्याची आई वर्षभर एकटी राहत्या. तुमच्या उघड्या प्रश्नापायी पोराला पेठ बंदच ऱ्हायली."

"मला वाईट वाटतं, खरंच. पण एक सांगू? तेव्हा कॅमेरा चालू होता आणि तुम्ही समोरच होतात."

बाळासोनं फोन ठेवला. त्याला पृथ्वीराजच्या सात पिढ्या उद्धराव्याशा वाटत होत्या. त्याचं ते शेवटचं वाक्य मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. जो भेटेल त्याला 'त्यांनी कापलं, त्यांनी कापलं' एवढंच सांगत सुटला.

मूळ रेकॉर्डिंग त्याच्याकडे होतं. कुणाला ऐकवायचं नाही असं करारात लिहिलं होतं. करार गेला खड्ड्यात म्हणून तो मंगळवारी सकाळी रेकॉर्डर आणि हेडफोन घेऊन कट्ट्यावर गेला. चिमणाबाई तिसऱ्या म्हशीखाली बसली होती.

"आक्का, हे ऐका. हे खरं हाय."

"आणि परवाचं काय खोटं हुतं?"

"ते कापल्यालं हुतं."

तिनं धार थांबवली नाही. "कापता येतंय म्हंजे जोडता पण येत असंल."

"शप्पथ आक्का, ह्यात काय बी जोडलेलं न्हाय."

"बाळासो, हे गिऱ्हाईक बघितलंस? हे ग्लास घिऊन हितं का हुबं ऱ्हातंय? घरनं किटली भरून आणली तर माज्याकडनं कोण घेत न्हाय. तुजं किटलीतलं हाय." तिनं ग्लास त्या माणसाच्या हातात दिला आणि चौथ्या म्हशीकडे सरकली. उठताना तिनं गुडघ्यावर हात टेकला.

बाळासो हेडफोन गळ्यात अडकवून बावळटासारखा उभा. पंचवीस वर्षं लोकांना आवाज ऐकवून पोट भरलेला माणूस, आणि त्याच्या आवाजाला आता दुधाच्या किटलीएवढी किंमत नव्हती. त्याला राग आला, आणि राग कुणाचा हे ठरवता येईना म्हणून आणखी आला. त्यानं गाडी काढली ती थेट गारगोटीला. सम्राट मामाच्या दारात बसला होता. "बस मागं," बाळासो म्हणाला. पोरानं कुठं म्हणून विचारलं नाही.

गोठा पेठेत नव्हता, तेव्हा तालमीचा शब्द काही मोडत नव्हता. दुपारचे दोन वाजले असतील. म्हशी रवंथ करत होत्या, राजवीर उलट्या घातलेल्या पिंपावर पाय सरळ करून बसला होता, आणि चिमणाबाई पेंड भिजवत होती. सम्राटला बघून तिचा हात पाटीतच राहिला.

"कशाला आणलास ह्याला?"

"किटलीतलं नको म्हणालतासा," बाळासो म्हणाला.

तिनं सरळ पोरालाच विचारलं, "त्या पिक्चरमंदी त्यो बाबा विचारतोय पश्चात्ताप हुतोय का, आणि तू दगडागत बसलास. मी तुजं ऐकायला आलतो. गप्प का बसलास?"

सम्राटनं फिल्म बघितलीच नव्हती. तो गोंधळला. "मी बोललो की काकू. गप्प तर शेवटाला बसलतो. बाळासोदादा म्हणालं म्हणून."

"काय म्हणालं?"

"एक मिनिट हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय. मला नाकाला खाज सुटलती, तरी मी हललो न्हाय."

चिमणाबाईनं बाळासोकडे बघितलं. त्यांनी कापलं, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण पोरगं नाकाला खाज सुटली तरी हललं नव्हतं, हे ऐकल्यावर ते बाहेर पडेना.

"ते मिनिट माजं हाय आक्का," तो म्हणाला. "कॅमेरा चालू हुता. मला दिवा दिसत हुता. माजं रेकॉर्डिंग मोडंल म्हणून मी बोललो न्हाय."

"आणि हे आज सांगतोस."

"व्हय."

तिनं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि एक पाट ओढून सम्राटच्या समोर बसली. "बस," ती त्याला म्हणाली. "त्या दिशी बसलतास तसं. पिक्चरमंदी तुजं तोंडच नव्हतं. मला बघायचंय."

सम्राट खाली बसला. गोठ्यात सगळे गप्प झाले. बाळासोच्या डोक्यात सवयीनं आकडे सुरू झाले. पोरगं हललं नाही. बोटं मोडायला हात जवळ आले तेही त्यानं मांडीखाली दाबून धरले. कान लाल झालेले, नाकाच्या शेंड्यावर घाम, आणि नजर राजवीरच्या सरळ पायावर खिळलेली, तिथनं काढावी कशी हे न कळल्यासारखी. चिमणाबाई त्याचं तोंड बघत होती. मध्येच तिनं मान वळवून राजवीरकडे बघितलं. तोही तसाच बसला होता, दगडासारखा, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या आईला सुद्धा सांगता आलं नसतं. तिनं परत सम्राटकडे बघितलं. एक म्हैस शेपटी हलवून माश्या हाकत होती, तेवढाच आवाज.

साठ झाले. बाळासो 'झालं' म्हणणार, तेवढ्यात चिमणाबाईनं हात वर केला, अगदी त्याच्यासारखा.

"आता ह्यो बोलंल," ती म्हणाली. "तू भाईर जा."

"आक्का, मी आणलंय त्याला."

"म्हणून तर. तू ऐकायचं न्हाईस. भाईर."

तो बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला. शेजारच्या गोठ्यात कुणीतरी कडबाकुट्टी सुरू केली. त्या घरघराटात आतलं अक्षर कळेना. नको तिथं नको तेवढं ऐकणारे त्याचे कान, पण आज भिंतीला लावले तरी काही येईना, आणि लावायची हिंमतही होईना. मोबाइलवर पृथ्वीराजचा मेसेज आला. फिल्म कुठल्याशा मोठ्या महोत्सवात निवडली गेली होती, आणि लोकांना ती गप्प बसण्याची जागा फार भिडली होती. खाली हात जोडलेलं चित्र. बाळासोनं मोबाइल खिशात कोंबला. त्या जागेवर आता देश-परदेशात टाळ्या पडणार होत्या, आणि तो त्याचं काहीएक वाकडं करू शकत नव्हता. पाव तास झाला, अर्धा झाला. कडबाकुट्टी थांबायचं नाव घेईना.

शेवटी सम्राट बाहेर आला. डोळे सुजलेले, एका गालावर पाच बोटं उमटलेली, आणि हातात रिकामी बादली.

"काय झालं रे?" बाळासो म्हणाला. "काय बोललास? त्या काय म्हणाल्या?"

"उद्यापासनं पाचला धारेला ये म्हणाल्या. राजवीरच्या दोन म्हशी माज्याकडं." पोरानं नाक पुसलं आणि नळाकडे निघालं. चार पावलं जाऊन मागं वळलं.

"बाकीचं तुमास्नी सांगू नको म्हणाल्यात."